चादरीची दोन टोकं

जर्मन भाषेचा एक खोडसाळपणा ताईला पहिल्यापासून खटकायचा. चांगलं धडधाकट क्रियापद. त्याचे दोन तुकडे करायचे, धड पुढे ठेवायचं आणि शेपूट थेट वाक्याच्या टोकाला नेऊन टाकायचं. तोवर ऐकणाऱ्यानं नुसतं तोंडाकडे बघत बसायचं. धाकट्या बहिणीनं, चिमीनं, त्यावर तोड काढली. दोघी एकाच इस्पितळात नर्स. कपड्यांच्या खोलीत चादरी दुमडताना ताईनं आपलं टोक धरून वाक्य सुरू करायचं, चिमीनं दुसरं टोक घेऊन पुढे येत शेपूट जोडायचं. वाक्य पुरं, घडी पुरी. हा सगळा खटाटोप परदेशातल्या नोकरीसाठी, आणि जायचं तर दोघींनी.

गेल्या वर्षी भाषेची अट नव्हती, तेव्हा एकट्या ताईची निवड झाली होती. "चिमीला सोडून? छे!" म्हणत तिनं हातची संधी घालवली. वेडीच ती!

त्या दुपारी ती खोलीपाशी आली तर दार लोटलेलं. आत चिमी फोनवर बोलत होती. "इश कोमे आम मोंटाग आन." मी सोमवारी पोचते. 'कोमे' हे धडही तिचंच, टोकाचं 'आन' हे शेपूटही तिचंच, आणि अडखळणं म्हणून नाही. ताई दारातच थिजली. एवढी सफाई काय एका दिवसात येते? म्हणजे ही बया घरी गुपचूप अख्खी वाक्यं घोकत होती!

"सोमवारी?" ताईनं आत येत विचारलं.

चिमीनं घाईघाईनं फोन बंद केला. "अगं, त्यांना एकच हवी होती. सांगणारच होते तुला."

"कधी? विमानातून?"

"तुझी तयारी नव्हती गं ताई. तुला शेवटचं काही येतच नाही."

"ते तुझ्याकडे होतं ना, बये!"

ताईचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला होता.

चिमीनं ढिगातली चादर उचलून एक टोक पुढे केलं. "रागावू नकोस. म्हण ना एखादं वाक्य, मी पुरं करते."

ताईनं अख्खी चादरच ओढून घेतली. मधला भाग हनुवटीखाली दाबून ती एकटीनंच घडी घालायला लागली. घडी वाकडी आली. तिनं ती मोडली आणि पुन्हा घातली.