राजाशी ‘मी’ म्हणून बोला

त्याला सगळे शास्त्रीबुवा म्हणत, कारण खेळापेक्षा खेळाच्या शास्त्रावरच तो जास्त बोलायचा. आठवडाभर तो इमारतींचे नकाशे काढायचा आणि रविवारी दुपारी घरच्या जेवणाच्या टेबलावर गेम चालवायचा. गेम तसा साधाच. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडलं की फासे टाकून निकाल लावतात. पण हा साधा खेळ कसा खेळावा यावरून इंटरनेटवरच्या गटात रोज डोकेफोड चालायची. फासे मोठे की गोष्ट मोठी? ‘माझा योद्धा म्हणतो’ असं नुसतं सांगावं, की योद्धा होऊनच बोलावं?

शास्त्रीबुवाचं मत ठाम होतं. ‘तो म्हणतो’ म्हणणारा खेळाडू म्हणजे पोहायला येऊन काठावर कपडे सांभाळत बसलेला माणूस, असं त्याने गटावर लिहिलं होतं. वाक्याला भरभरून दाद मिळाली. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर चष्मेवाला होता.

चष्मेवाला शास्त्रीबुवाच्या बायकोच्या दुकानातला. ती डोळे तपासायची, हा काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. तिनेच त्याला खेळायला आणलं होतं. माणूस मितभाषी, पण आपल्या योद्ध्याबद्दल बोलायला लागला की सगळे कान देऊन ऐकत. फक्त तो कायम ‘माझा योद्धा’ असंच म्हणायचा, आणि शास्त्रीबुवाला तेच खुपायचं.

त्या रविवारी गोष्ट राजाच्या दरबारात पोचली. योद्ध्याचा भाऊ कैदेत होता.

“माझा योद्धा खाली वाकतो,” चष्मेवाला शांतपणे म्हणाला, “आणि राजाला सांगतो, की चूक भावाची नाही, त्याची स्वतःची आहे.”

“असं नाही,” राजा झालेला शास्त्रीबुवा म्हणाला. “राजा समोर बसलाय. राजाशी ‘मी’ म्हणून बोला.”

“जाऊ दे ना,” बायको म्हणाली.

“का जाऊ दे? एवढा चांगला प्रसंग वाया घालवायचा?”

चष्मेवाल्याने पाण्याचा घोट घेतला. “म... म... महाराज,” त्याचा जबडा ताठला, डोळे गच्च मिटले. “म... मी...”

शास्त्रीबुवाच्या अंगावर काटा आला. शेवटी हा माणूस भूमिकेत शिरला तर! राजापुढे कसा थरथर कापतोय! मग राजानेही मागे का राहावं? तो खुर्चीत रेलला, भुवई उंचावली आणि म्हणाला, “क... क... काय हवंय तुला? जीभ घरी विसरून आलास का रे?”

पलीकडे खेळायला बसलेला शास्त्रीबुवाचा मावसभाऊ फस्सकन हसला. मग त्याने वहिनीचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

चष्मेवाला आपले फासे गोळा करत होता. एक घरंगळून टेबलाखाली गेला. तो गुडघ्यांवर बसून शोधत राहिला, आणि कुणाचाही हात हलला नाही. दारात बूट चढवून तो म्हणाला, “येतो.” तेवढा शब्द मात्र स्वच्छ आला.

“त्याची जीभ अडते?” दार लागल्यावर शास्त्रीबुवाने विचारलं.

“लहानपणापासून. दुकानात फोन वाजला की तो मागच्या खोलीत पळतो. इथे दुसऱ्या कुणाबद्दल बोलायचा, म्हणून अडखळत नव्हता. म्हणून तर आणलं त्याला.”

“मग मला सांगायचं ना!”

“सांगू नका, असं त्यानेच सांगितलं होतं. आणि मी ‘जाऊ दे’ म्हटलं होतं. तू ऐकतोस कुठे?”

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. चष्मेवाला एका फ्रेमचा स्क्रू पिळत होता.

“मला वाटलं तुम्ही अभिनय करताय,” शास्त्रीबुवा घाईघाईने म्हणाला. “खरं सांगतो, मला फार आवडला तो.”

“द... दिसलं ते,” चष्मेवाला म्हणाला. “इतके खूश तुम्ही माझ्यावर कधीच झ... झाला नव्हता.”

शास्त्रीबुवा आला तसा परतला. मन हलकं व्हावं म्हणून संध्याकाळी त्याने सगळा प्रकार गटावर लिहून टाकला. आपलंच चुकलं, असं स्पष्ट लिहिलं. सकाळपर्यंत त्याखाली वादाचं रान माजलं. कुणी म्हणे, पाहा, ‘तो म्हणतो’ हीच खरी पद्धत. कुणी म्हणे, खऱ्या तोतरेपणातून भूमिका किती जिवंत झाली असती! एकाने तर विचारलं, बोलता येत नाही त्याने बोलायच्या खेळात यावंच का? अर्धवट नकाशासमोर बसून वाचताना शास्त्रीबुवाचे कान तापले. त्या माणसाचं गुपित, त्याला न विचारता, त्याने चव्हाट्यावर मांडलं होतं. तेही माफीच्या नावाखाली. त्याने सगळं पुसून टाकलं, पण तोवर बायकोचा फोन आला होता. “त्याने वाचलंय.”

संध्याकाळी पुन्हा त्याच काउंटरसमोर उभं राहताना त्याला मान वर करवेना.

“काल तरी ‘मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायला जागा होती,” तो म्हणाला. “आज तीही नाही.”

चष्मेवाल्याने हातातली काच पुसून बाजूला ठेवली. बोलायला त्याला वेळ लागला. या खेपेला शास्त्रीबुवाने एकही शब्द पुढे सरकवला नाही.

“म... मी आता दुसऱ्या टेबलावर जाणार आहे. तिथे नुसत्या ल... लढाया. फासे टाकायचे, आकडा सांगायचा.”

अशा टेबलांची शास्त्रीबुवाने गटावर कितीदा टर उडवली होती. “मी आलो तर चालेल?” त्याने विचारलं. “गुपचूप बसेन.”

“नको,” चष्मेवाला म्हणाला. राग नव्हता त्यात. आढेवेढेही नव्हते.

तेवढ्यात एक बाई आत आल्या आणि आपला चष्मा कधी मिळेल असं विचारू लागल्या. चष्मेवाल्याची जीभ पहिल्याच अक्षरावर अडली. बाईंनी आशेने शास्त्रीबुवाकडे पाहिलं, जणू उत्तर तो देणार होता.

“त्यांनाच विचारा,” तो पुटपुटला आणि बाईंना वाट देत भिंतीला चिकटून बाहेर पडला. काचेच्या दारापलीकडे चष्मेवाला अजून त्याच शब्दाशी झुंजत होता, आणि बाई थांबल्या होत्या.