सातवा रकाना

"मावशी, तुम्ही बाहेर चहाचं बघा ना जरा," अर्जवाली तिसऱ्यांदा म्हणाली.

"चहा झालासुद्धा. तुला एवढा घाम का सुटलाय गं पोरी?" असं म्हणत मावशी खुर्ची ओढून बसल्याच.

समोर निधी देणाऱ्या संस्थेच्या मॅडम होत्या. त्यांनी चष्मा चढवून अर्जाची पानं उलटायला घेतली, तशी अर्जवाली मनात पानं मोजू लागली. सातवा रकाना चौथ्या पानावर होता.

ती आणि तिच्या दोन मैत्रिणी छोट्या छोट्या संस्थांना मदतीचे अर्ज फुकट लिहून देत. ज्यांना काम येतं त्यांना लिहिता येत नाही आणि ज्यांना लिहिता येतं त्यांना काम येत नाही, असं त्या हसून म्हणत. मावशींची संस्था म्हणजे अकरा बाया आणि ही एक खोली. अंथरुणाला खिळलेल्यांना घरोघरी जाऊन न्हाऊ घालायचं, त्यांची कूस बदलायची, जखमा पुसायच्या. अर्ज दोनदा परत आला होता. आता आला तर खोलीवर पाणी सोडावं लागणार होतं.

सातव्या रकान्यात विचारलं होतं, 'हे काम का सुरू केलं? एक प्रसंग लिहा.'

मावशींनी तो प्रसंग एकदाच सांगितला होता, कप विसळता विसळता. परक्यांच्या आजारी माणसांचं करायला जाताना त्या भ्रमिष्ट आईला घरात ठेवून बाहेरून कडी लावत. एके दिवशी कडी काढली, तर आई गेलेली. "हे तुझ्यापाशीच ठेव हं," असं त्या म्हणाल्या होत्या. अर्जवालीनं नाव गाळलं, पदरची दोन वाक्यं घातली आणि रकाना भरला. आधी विचारावं असं तिच्या मनात आलं होतं. पण मावशी नको म्हणाल्या तर, या भीतीनं तिनं विचारलंच नाही.

"हे वाचून आम्ही सगळे गप्प झालो होतो," मॅडम म्हणाल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

"'कडी काढली तेव्हा ती माउली दाराशी पडली होती. दाराच्या फळीवर तिच्या नखांचे ओरखडे होते.'"

अर्जवाली मावशींच्या हातांकडे बघत राहिली. मान वर करायची तिची छातीच होईना.

"ही बाई तुमच्यातलीच का?" मॅडमनी विचारलं.

"मीच ती." मावशींचा आवाज नेहमीसारखाच होता. "पण लिहिण्यात चुकलंय बाई. आई दाराशी नव्हती. खाटेवर होती, भिंतीकडे तोंड करून. दारावर काही नव्हतं. मी नीट बघितलं होतं तेव्हा. तेवढं खोडा."

मॅडमनी पेन काढून ती दोन वाक्यं खोडली. चहा घेतला, अर्ज मंजूर होईल असं समजा म्हणाल्या आणि गेल्या.

"मावशी, मी..."

मावशी कप गोळा करत होत्या. दर वेळी त्या तिला दारापर्यंत सोडायला येत आणि 'सावकाश जा गं पोरी' म्हणत. आजही आल्या.

"फार केलंत तुम्ही आमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "या हं ताई."

अर्जवाली पायरी उतरली. मागे मावशींनी दार नुसतं लोटून घेतलं. कडी त्या कधीच लावत नसत.