साळिंदराच्या रानातले काजवे

मित्रांनो, माझा डबा उघडायचा असेल तर आधी खिडकी उघडा. मी एक जुनी फिल्म आहे, आणि आम्ही फिल्म म्हातारपणी आंबतो. अंगाला व्हिनेगरसारखा वास सुटतो, पाठीला बाक येतो, अंग आखडतं आणि कुणी सरळ करायला गेलं की काडकन मोडतं. म्हाताऱ्या माणसांचंही काही वेगळं नसतं म्हणा, फक्त त्यांना डब्यात ठेवत नाहीत.

माझ्या अंगावर एक कार्टून आहे. काळं-पांढरं, मुकं, चहाचा कप निवायच्या आत संपणारं. एक टपालवाला साळिंदर रात्री कंदील घेऊन रानातून निघतो. त्याची पिशवी फाटते आणि सगळी पत्रं त्याच्याच काट्यांना टोचून बसतात. मग ज्यानं त्यानं साळिंदराच्या पाठीवरून आपापलं पत्र उपटून घ्यायचं आणि दर पत्रामागे साळिंदरानं टुणकन उडायचं. एवढीच गोष्ट, पण ती बघून मुलं बाकावरून खाली घसरायची. मी स्वतः ऐकलंय.

माझा जन्म एका गोदामात झाला. वर पत्रे, खाली लांबलचक टेबलं, आणि टेबलांशी खाली माना घालून बसलेल्या मुली. चित्रकार कागदावर पेन्सिलीनं चित्रं काढायचा आणि मुली ती पारदर्शक तावांवर शाईनं गिरवायच्या. त्यांत दोन सख्ख्या बहिणी होत्या. थोरली रेघा ओढायची, धाकटी रेघांच्या आत रंग भरायची. रंग म्हणजे काय, काळा, पांढरा आणि राखाडी. थोरली अबोल. धाकटी बडबडी, आणि बडबडता बडबडता खोकायची. मालक ओरडायचा, "तोंड आवर, चित्रावर थुंकी उडतेय." ती हसायची, आणि हसली की आणखी खोकायची.

कार्टून तयार झालं, प्रती निघाल्या आणि पहिल्यांदा बघतानाच मालकाचं तोंड उतरलं. रात्रीचा भाग फारच काळा झाला होता. कंदील तेवढा दिसत होता, बाकी अंधार गुडूप. "लोक म्हणतील मशीन बंद पडलं, आणि पैसे परत मागतील," मालक म्हणाला. नव्यानं काढायला वेळ नव्हता. तेव्हा धाकटी म्हणाली, "रानात काजवे सोडू का?"

तिनं शिवणाची सुई घेतली. आमच्या अंगावरचा काळा थर सुईनं टोचला की तिथून उजेड आरपार जातो आणि पडद्यावर पांढरा ठिपका चमकतो. आमच्या अंगावरचं एकेक चित्र म्हणजे एकेक चौकट; एका चौकटीत ठिपका, पुढच्या चौकटीत नाही, म्हणजे काजवा लुकलुकला. सगळ्या प्रतींवर तिनं असे हातानं काजवे टोचले. मी शेवटची. माझ्या वेळेपर्यंत तिला ताप चढला होता, हात थरथरत होता, म्हणून माझे काजवे जरा वेडेवाकडे उडतात. थोरली शेजारी बसून मला पुढे सरकवत होती.

"पुरे झालं, घरी चल," थोरली म्हणाली.

"थांब गं ताई, एवढासा कोपरा राहिलाय."

मला दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. पण माझ्याकडे इतकं जवळून त्यानंतर कुणी पाहिलं नाही, हेही खरं.

कार्टून पडद्यावर लागायच्या आधीच धाकटी गेली. घरच्यांनी रोगाच्या धास्तीनं तिचं अंथरूण, कपडे, वेणीचे आकडे ठेवायची डबीसुद्धा जाळून टाकली. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. पुढे घरात कुणी तिचं नावही घेईना, कारण नाव निघालं की आई ताटावरून उठायची. थोरलीला गप्प बसायची सवय होतीच, ती हाडीमाशी खिळली. हे सगळं मी फार उशिरा ऐकलं. कसं ते सांगते.

माझी उमेदीची वर्षं धावपळीत गेली. तंबूत चालले, शाळेत चालले, गिरणीच्या आवारात चादरीवर चालले. ऑपरेटर विडी ओढत मला मशीनमध्ये घालायचे, वाळूचे कण माझ्या अंगावरून फिरायचे. जागोजागी माझा काळा थर उडाला आणि तिथेही पांढरे ठिपके दिसायला लागले. खरे काजवे आणि हे टवके दिसायला अगदी सारखे. टाळ्या मात्र साळिंदराला मिळायच्या, मला नाही. मग रंगीत कार्टून आली आणि माझ्या बहिणी, म्हणजे बाकीच्या प्रती, भंगारात गेल्या. मला एका बंद पडलेल्या थिएटरच्या जिन्याखाली कुणीतरी ठेवलं आणि विसरलं. तिथे मी किती काळ होते ते सांगता येणार नाही, कारण अंधारात वर्षं मोजायला काही नसतं.

तिथून एका भंगारवाल्यानं मला उचललं आणि त्याच्याकडून भाच्यानं घेतलं.

भाचा म्हणजे त्या थोरलीचा भाचा. थोरली आता नव्वदीला टेकलेली आत्या झाली होती, आणि भाचा आणि भाचेसून तिला सांभाळत होते. भाच्याचं कपड्यांवरचे डाग काढायचं दुकान. शाई, गंज, तेल, रक्त, काय वाटेल ते आणा, तो काढून देणार. आणि घरी आला की नाद एकच, जुनी काळी-पांढरी कार्टून जमवायची. आधी कॅसेटी, मग डिस्का. भिंतभर कपाट भरलं होतं. "माणसांच्या कपड्यांना जागा नाही आणि उंदीर-मांजरांना बंगला बांधलाय," असं भाचेसून म्हणायची, पण संध्याकाळी बघायला तीच पुढे बसायची.

भाचा नुसता बघत नसे. एकच कार्टून दोन कंपन्यांनी साफ करून काढलं असेल तर तो दोन्ही डिस्का आणायचा आणि चित्र थांबवून थांबवून ताडून बघायचा. कंपन्यांची यंत्रं धूळ पुसता पुसता बारीक रेघाही पुसून टाकत. पळत्या कुत्र्याचं शेपूट मध्येच नाहीसं व्हायचं, कोंबड्याची चोच अर्धीच उरायची. मग भाच्याचा संताप बघावा. "रेघा खाल्ल्या मेल्यांनी. डाग काढताना कापड फाडणारा माणूस मी दुकानात एक दिवस ठेवणार नाही." अशा डिस्का तो वेगळ्या फळीवर ठेवायचा. त्या फळीचं नाव होतं 'कसाईखाना'.

माझ्या डब्यावरचं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं तेव्हा आत्या जेवत होती. तिनं घास खाली ठेवला.

"त्यातल्या रेघा माझ्या आहेत," ती म्हणाली.

आत्यानं कुठल्याशा कारखान्यात काम केलं होतं, एवढंच भाच्याला माहीत होतं. त्यानं शंभर प्रश्न विचारले. ती "हो", "असेल", "आठवत नाही" एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलीय तीही टिकेलसं नाही. भाच्यानं त्याच दिवशी मनाशी ठरवलं, आत्याचं कार्टून आपण स्वतः साफ करायचं आणि तिची नजर आहे तोवर तिला दाखवायचं.

त्यानं मला एका लॅबमध्ये नेलं. तिथल्या माणसानं मला हुंगलं आणि नाक मुरडलं. "एकदाच यंत्रातून जाईल. आखडलीय. दुसऱ्यांदा घातलीत तर तुकडे घेऊन जा." मी कशीबशी गेले. माझ्या सगळ्या चौकटी कॉम्प्युटरमध्ये उतरल्या आणि मी पुन्हा डब्यात, कपाटाच्या तळाशी.

भाचा कामाला बसणार तेवढ्यात आत्या त्याच्या खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, "रात्रीचा भाग तेवढा नीट कर हो."

"अगदी लख्ख करतो. तू बघच."

ती क्षणभर उभी राहिली. काहीतरी ओठांवर आलं होतं. मग वळली आणि गेली. आयुष्यभर जे नाव गिळलं ते एका दमात बाहेर येत नाही, मित्रांनो.

भाच्यानं दोन वर्षं खपून मला साफ केलं. यंत्रावर सोडलं नाही, चौकट न् चौकट स्वतः पुसली. आत्याची एकही रेघ खाल्ली जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचा. साळिंदराचा काटा न् काटा शाबूत ठेवला. आणि रात्रीच्या भागावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली, कारण आत्यानं मुद्दाम सांगितलं होतं. काळ्या आभाळात जिथे जिथे पांढरा ठिपका दिसला तिथे तिथे त्यानं तो पुसून टाकला. एका चौकटीत आहे आणि पुढच्या चौकटीत नाही म्हणजे डागच, असा त्याचा हिशेब. सगळं झाल्यावर कॉम्प्युटरमध्ये जागा पुरेना, म्हणून त्यानं आधीची मळकी प्रत काढून टाकली. डाग निघाल्यावर मळ कुणी जपून ठेवतं का? मी तळाशी पडून सगळं ऐकत होते आणि माझ्या हातात काही नव्हतं.

एका संध्याकाळी आत्याला टीव्हीपुढे अगदी जवळ बसवलं. तिची उरलीसुरली नजर म्हणजे मधला एक बोळ, तेवढ्यातून ती बघायची. साळिंदर आला, पिशवी फाटली, भाचेसून खळखळून हसली. रात्रीचा भाग सुरू झाला. आभाळ मखमलीसारखं काळंभोर, एक ठिपका नाही. आत्या पुढे वाकली, मग आणखी वाकली. कार्टून संपलं.

"छान केलंस. किती स्वच्छ," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुन्हा लाव."

त्यानं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, "काजवे कुठे आहेत रे?"

"कसले काजवे?"

तेव्हा ती बोलली. सुई, ताप, मालक, जाळलेलं अंथरूण, सगळं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. धाकटीचं नाव तिनं त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं आणि भाच्याला आपल्याला आणखी एक आत्या होती हे वयाच्या साठीला कळलं. "तिचं तेवढंच शिल्लक होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, डोळे जायच्या आधी एकदा बघून घेईन."

"मला सांगितलं का नाहीस?"

"नीट कर म्हटलं होतं की."

भाचेसुनेनं टीव्ही बंद केला. भाचा कपाटापाशी जाऊन उगीच डिस्का नीट लावत राहिला. मग त्यानं स्वतः केलेली ती डिस्क काढली आणि कसाईखान्याच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझा डबा उघडला. मी यंत्रात जाणार नव्हते, म्हणून तो मला हातानं उलगडून खिडकीच्या काचेला लावायचा आणि एकेका चौकटीचा कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. वीतभर उलगडलं की मी कुठेतरी मोडायचेच. मोडले की तो "चुकलं, चुकलं" असं पुटपुटायचा, जसं काही मी माणूस आहे. दुकान सांभाळून हे काम, त्यात महिने गेले. आत्याच्या डोळ्यांत थेंब घालत होते, पण तो बोळ अरुंद होत होत एके दिवशी बंद झाला.

तरी त्यानं काम पुरं केलं. रात्रीच्या भागाचे सगळे फोटो जोडून टीव्हीवर लावले. पडदा ठिपक्यांनी भरून गेला. त्यांतले काजवे कुठले आणि वाळूनं उडवलेले टवके कुठले, त्याला काही केल्या कळेना. आत्याला दिसत नव्हतं, म्हणून त्यानं चित्र थांबवलं आणि तिला विचारायला सुरुवात केली.

"कंदिलाच्या वर एक आहे. तिचा का?"

"केवढा आहे?"

"बारीक. गोल."

"बारीकच टोचायची ती. असेल तिचा."

मित्रांनो, तो तिचा नव्हता. तो तंबूतल्या वाळूचा होता. तिचा त्याच चौकटीत डावीकडे, बांबूच्या शेंड्यावर होता, आणि त्याच्याबद्दल भाच्यानं विचारलंच नाही. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला कार्टूनसुद्धा मुकंच मिळालंय.

भाचा विचारत गेला, आत्या अंदाजानं सांगत गेली. शेवटी तिनं हात वर केला. "राहू दे. मला दिसत असतं तर लगेच सांगितलं असतं. आता तुझ्या समाधानासाठी मी काहीही सांगीन."

"मग यातलं काय ठेवू, आत्या?"

"सगळंच ठेव. घाण तर घाण."

आता त्या फोटोंतून केलेली मळकी डिस्क रोज संध्याकाळी लागते. "आला का रात्रीचा भाग?" ती विचारते. भाचा म्हणतो, "आला." मग ती टीव्हीकडे तोंड करून ताठ बसते, आणि तो तिच्याकडे बघत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मला तर फार जपलं. भाचा वाईट माणूस नाही, त्याच्यासारखी माया माझ्यावर कुणी केली नाही. पण दोन वर्षं तो मला पुसत बसला, आणि ज्या बाईला सगळं माहीत होतं ती पलीकडच्या खोलीत बसून होती. म्हणून पुसायच्या आधी विचारा. ज्याला विचारायचं त्याला दिसतंय, बोलता येतंय, तोवर विचारा, आणि तो दारात घुटमळला तर काम बाजूला ठेवून त्याला आत बोलवा.

माझे आता तुकडेच उरलेत, आणि तेही आंबत चाललेत. धाकटीचे सगळे काजवे मला पाठ आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी कुणाला ते सांगू शकत नाही.