बाभळीची पहिली चूळ

मी बोलतोय, फडताळातल्या काचेच्या बाटलीतून. बाभळीच्या सालीचा काढा मी, चूळ भरायचा. माझ्यात लवंग आहे, तुरटीचा खडा फिरवलाय, पण जीव सालीचाच.

फुलसावंगीच्या बांधावरून प्रेरणानं मला आणलं तेव्हा दिवेलागण झाली होती. तिच्या सहा वर्षांच्या आभाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. दाताच्या डॉक्टरीण बाईंनी औषध दिलं, वर म्हणाल्या, सालीच्या काढ्यानं चूळ भरली तरी चालेल, फक्त गिळू देऊ नका. ते शेवटचं तेवढं प्रेरणाच्या मनात रुतून बसलं. घाईघाईत तिनं विळ्यानं साल सोलली आणि मागं न बघता घरी आली.

उकळताना मी लाल झालो. इतका, की तिनं पुन्हापुन्हा वाकून पाहिलं.

आभा मोरीत चूळ टाकायची. रक्त काही थांबेना. आणि रोज सकाळी मी बाटलीत रात्रीपेक्षा थोडा कमी असायचो. बूच तर घट्ट. कुणाचे तरी गार ओठ अंगाला लागल्यासारखं वाटायचं, एवढंच मला ठाऊक.

"आभे, तू पेतं का व हे?" प्रेरणानं बाटली तिच्यापुढं धरली.

"नाही व आई. थुंकतो मी."

शेजारच्या कांताबाईंनी बाटली पाहिली. "साल काढतानी झाडाले इचारलं होतं?"

"नाही."

"पहिली चूळ त्याच्या मुळाशी टाकली?"

"मोरीतच टाकते पोरगी."

"मंग झाड आपला वाटा घ्याले येऊन राह्यलं, बाई."

आभाचा बाप कपिल हसला. "उद्या बोंडाले इचारून कापूस येचजो."

प्रेरणा हसली नाही. भर दुपारी मला आणि आभाला घेऊन बांधावर गेली. साल सोलली होती तिथून लाल डिंक गळत होता, आभाच्या हिरडीतून रक्त यावं तसा. प्रेरणानं हात जोडले. "चुकलं माह्यं. लेकरासाठी नेली." आभानं चूळ भरली, मुळाशी टाकली.

मग खोडाच्या आतून आवाज आला. गुळगुळ, सावकाश, म्हाताऱ्या माणसानं चूळ भरावी तसा.

आता आभाच्या हिरड्या सुकल्यात. औषधानं की माझ्यानं, कोण सांगणार? पण आज सकाळी प्रेरणानं बाटली उजेडात धरली अन् तिचा हात थांबला. मी कमी झालो नव्हतो. वाढलो होतो.

"आभे, चूळ बाटलीत टाकली का तू?"

आभानं मान हलवली. "मी नाही. झाडानं टाकली."

प्रेरणा मला पदराखाली धरून बांधाकडे निघालीये. मुळाशी ओतेल. बरंच आहे, जिथला तिथं जाईन. तुम्ही मात्र साल काढाल तेव्हा आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.