वीस इंची चाकं

दादाला तोंडावर "गाडीत येऊ नकोस" म्हणायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी चाकं बदलली. खोटं कशाला बोलू?

दोन सीटची स्पोर्ट्स कार. दादाने हौसेने घेतलेली. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याचं चालवणं बंद झालं, तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "आजपासून तुझी." माझी कसली डोंबलाची! दर रविवारी सकाळी हा शेजारच्या सीटवर हजर, पाठीला उशी लावून. "क्लचवरून पाय काढ." "इथे तिसरा टाक." "अरे, पळव की तिला जरा!" बाकीचे सहा दिवस तो खोलीबाहेर पडत नाही, रविवारच्या या तासाभराच्या आशेवर आठवडा काढतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण चाळिशीच्या माणसाने ऐकून तरी किती घ्यायचं?

टायर झिजले आणि डोक्यात आलं. दादाच्याच नेहमीच्या टायरवाल्याकडे गेलो.

"सोळा इंचीच घालू ना?" त्याने विचारलं.

"वीस."

"साहेब, चाकाची एकूण उंची आहे तेवढीच ठेवावी लागते, नाहीतर टायर वर घासतो. म्हणजे रिम मोठी केली की रबर पातळ. आत्ता अकरा सेंटिमीटर रबर आहे, ते जेमतेम सहावर येईल. खड्डा थेट मणक्यात जाणवेल. मोठे साहेब बसतात ना अजून शेजारी?"

"नाही बसत आता," मी बेधडक सांगितलं.

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. माल आहे का बघतो म्हणून आत गेला, तो चांगला दहा मिनिटांनी आला. "घालतो," एवढंच म्हणाला.

रविवारी वहिनी दारातच उभी होती. "भावजी, हे सातपासून तयार होऊन बसलेत."

दादा काठी टेकत आला आणि चाकापाशी थांबला. टायरवरचे आकडे वाचायला मला त्यानेच शिकवलं होतं, मी शाळेत असताना. त्याने ते वाचले. "छान दिसतात," म्हणाला आणि उशी लावून बसला.

आमच्या गल्लीतून उजवीकडे वळलं की नवा गुळगुळीत रस्ता. डावीकडे खडीच्या खाणीचा, सगळा उखडलेला, वर सात स्पीडब्रेकर. मी डावीकडे वळलो.

तिसऱ्या स्पीडब्रेकरला दादाने दाराचं हँडल घट्ट धरलं. मी वेग कमी केला नाही. तो "हळू" म्हणेल म्हणून वाट बघत होतो. तो काहीच बोलला नाही. क्लच नाही, गिअर नाही. ओठावर घाम आला होता. आणि मला, काय सांगू, बरं वाटत होतं. पहिल्यांदा गाडी माझी वाटली.

घरी आल्यावर त्याला उतरताच येईना, मी धरून बाहेर काढलं. वहिनी गोळ्या आणायला आत धावली. दादाने माझं मनगट धरलं.

"टायरवाल्याचा फोन आला होता मला. तू दुकानात उभा असताना. मी आता बसत नाही असं सांगितलंस म्हणे. घालू का विचारत होता. म्हटलं घाल, हौस आहे पोराची."

"मग आलास कशाला?" मी विचारलं.

"उजवीकडच्या रस्त्यावर या चाकांनीही मला काही झालं नसतं." तो थांबला, श्वास घेतला. "तू कुठे वळतोस ते बघायचं होतं."

तेवढ्यात वहिनी गोळ्या आणि पाणी घेऊन आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गोळी देता देता तिने विचारलं, "पुढच्या रविवारी याच वेळेला ना, भावजी?"

दादा माझ्याकडेच बघत होता. अजूनही एक "हो" पुरला असता.

"बघू," मी म्हणालो, आणि सीटवरची उशी काढून तिच्या हातात दिली.