दिवाणजीला म्हशीनं मारलं

आमच्या वाडीत एकेकाळी एकच टीव्ही होता आणि तो बॅटरीवर चालायचा. वाडी म्हणजे वरंधच्या वर, घाटरस्त्यापासून तासाभराच्या चढावर, बारा घरं आणि दीडेकशे जनावरं. टीव्ही माझ्या येसाजीकाकांचा. बारा इंची, काळा-पांढरा. बॅटरी एका जीपची. तिला जीपनं म्हातारी झाली म्हणून काढून टाकलेलं. सोमवारी महाडहून चार्ज होऊन आली की गुरुवारपर्यंत ती जोरात असायची, शनिवारी धापा टाकायची, आणि रविवारी संध्याकाळची मालिका सुरू झाली की बरोबर वीस मिनिटांनी चित्र चारी बाजूंनी आकसत जाऊन मध्ये एक ठिपका उरायचा. मग ठिपकाही जायचा. वाडी उठायची आणि धारा काढायला लागायची.

मालिका अर्ध्या तासाची. म्हणजे शेवटची दहा मिनिटं आमच्या वाडीनं दहा वर्षं पाहिली नाहीत.

यावर उपाय होता. सोमवारी काका बॅटरी मांडीवर घेऊन एसटीनं महाडला जायचे. (काकांच्या एकूण एक लेंग्याला उजव्या मांडीवर भोकं होती, ती त्या बॅटरीतल्या ॲसिडची.) चार्जिंगच्या दुकानात जितेश नावाचा माणूस बसायचा, त्याच्याकडे लाइटवरचा टीव्ही. काका त्याला शेवट विचारून यायचे आणि संध्याकाळी अंगणात बसून वाडीला सांगायचे. वरंधमध्येही टीव्ही होते. पण तिथं विचारलं तर आमची बॅटरी पुरत नाही हे वरंधला कळलं असतं. तेवढी नाचक्की वाडीला परवडणारी नव्हती.

पहिल्या रांगेत सगुणाबाई, म्हणजे माझी काकी. काकीला मालिका नुसत्या आवडायच्या नाहीत, तिला त्या पाठ होत्या. 'मोठ्या घरच्या पायऱ्या'मधल्या सासूची नथ नवव्या भागात उजव्या नाकपुडीत होती, हे सगळ्यात आधी काकीनं पकडलं. 'तपास चालू आहे'मधला इन्स्पेक्टर रिकाम्या कपातून चहा पितो आणि तिसऱ्या भागातलं प्रेत श्वास घेतं, हेही तिचंच संशोधन. 'पायऱ्या'तला डॉक्टर हा आधी 'तपास'मध्ये घरफोड्या होता, म्हणून त्यानं दिलेलं औषध सुनेनं घेतलं तेव्हा काकी दोन दिवस अस्वस्थ होती.

पुढे वाडीत लाइट आली, त्या मालिका संपल्या, बॅटरीवर कोंबड्या बसायला लागल्या. आणि २००३ साली, मी औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत पाळीला जात असताना, महाडच्या एसटी स्टँडवर मला एक फलक दिसला. कुठल्याशा मंडळाची प्रश्नमंजुषा. विषय, जुन्या मालिका आणि जुने कलाकार. भाग फक्त पती-पत्नींनी जोडीनं घ्यायचा. पहिलं बक्षीस वीस इंची रंगीत टीव्ही. प्रमुख पाहुणे, 'बंगला नंबर सतरा'मधले दुष्ट भैरव दिवाणजी, म्हणजे नट विक्रांत धारपुरे.

मी फॉर्म भरून टाकला. काकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "टीव्ही ठेवायला जागा करते," आणि सरळ कोनाडा सारवायला घेतला. काका गोठ्यात गेले आणि जेवायला बोलवेपर्यंत बाहेर आले नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी एसटीत काकी पुढच्या सीटवर बसून नावं घोकत होती. मी आणि काका मागे.

"सुन्या," काका हळूच म्हणाले, "मी हितंच उतरतो."

"का?"

"शेवट विचारतील काय रे?"

"विचारतील की. शेवटची फेरी शेवटांचीच हाय."

काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ते समदे शेवट माझे हायत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पहिले सहा महिने काकांनी जितेशकडून खरे शेवट आणले. मग जितेशचं लग्न झालं आणि त्यानं मालिका बघणं सोडलं. त्या सोमवारी काका वाडीच्या वाटेला लागले, तर काकी अर्ध्या वाटेवर येऊन उभी. "काय झालं हो सुनेचं?" काकांना काही सुचेना. ते म्हणाले, सावकार सुनेला पकडणार तेवढ्यात त्याला बोकडानं ढुशी दिली.

"आन् तुझी काकी इतकी हसली रे. म्हणली, आजचा शेवट झ्याक हाय. जितेशच्या शेवटाला कदी म्हणली नाय असं."

मग साडेनऊ वर्षं काका शेवट देत राहिले. आता मला आठवायला लागलं. आमच्या माहितीतल्या एकाही मालिकेत पोलिसांनी कुणाला पकडलं नव्हतं. खुनी बैलानं शिंगावर घेतला. इस्टेट हडपणाऱ्या मामाला जनावरांचा गोचीड-ताप आला. विमानतळावरून पळणाऱ्या स्मगलरच्या आडवं शेरडांचं खांड आलं, अख्खा शेळ्यांचा कळप. आणि आम्हा कुणालाही कधीच काही खटकलं नव्हतं.

"मग सांगून टाका काकीला," मी म्हणालो.

"येडा हायस काय? मी पाऊस येणार म्हणलं तर ती वाळवण घालते. गुडघा दुखतो म्हणलं तर म्हणते नाटकं. बाजारातनं बोकड आणला तर त्याचं वय चार जणांना विचारून घेते. उभ्या जन्मात माझं एकच बोलणं तिनं खरं मानलंय, ते हे शेवट. ते गेलं तर माझ्याकडं हाय काय?"

पुढच्या सीटवरून काकी वळली. "काय कुजबुज चाललीय? ते 'तपास'मधल्या जीपचा नंबर सांगा बघू."

"तू सांग," काका म्हणाले, आणि तिनं सांगितला.

हॉल भरला होता. टेबलं दोन-दोन खुर्च्यांची, प्रत्येक टेबलावर एक सायकलची घंटी. वाजवायची आणि उत्तर द्यायचं. आठ जोड्यांतून शेवटी दोन उरल्या. एक आमची, दुसरी महाडच्या गौतमी मॅडम आणि त्यांचे मिस्टर. मॅडम शाळेत शिकवायच्या, त्यांच्याकडे पहिल्यापासून लाइट होती.

सुरुवातीला काकीनं कत्तल केली. 'पायऱ्या'तल्या मेलेल्या आजोबांच्या फोटोला हार कशाचा? "कागदी. दुसऱ्या भागात उंदरानं कुरतडलेला." निवेदकाच्या कार्डावर नुसतं 'कागदी' होतं. त्यानं उंदराचा अर्धा गुण वर दिला. फक्त एका ठिकाणी घोळ झाला.

"'बंगला नंबर सतरा'मधल्या दिवाणखान्यातल्या सोफ्याचा रंग?"

ट्रिंग. "करडा," काकी म्हणाली.

"चूक. लाल."

"करडा हाय वो. मी सोता बघितलाय."

"काकू, लाल आहे."

"पडदे कसले हायत?"

"निळे."

"करडे," काकी म्हणाली, आणि निवेदकाकडे ज्या दयेनं बघितलं, त्या दयेनं ती फक्त आंधळ्या वासराकडे बघते.

शेवटच्या प्रश्नापर्यंत दोन्ही टेबलं बरोबरीत आली. काकांनी एकदाही घंटीला हात लावला नव्हता. ते बुजगावण्यासारखे ताठ बसले होते.

"शेवटचा प्रश्न. 'बंगला नंबर सतरा'च्या अखेरच्या भागात भैरव दिवाणजीचं काय झालं?"

घंटी इतक्या जोरात वाजली की तिची वाटीच निसटून स्टेजवरून घरंगळत गेली.

"म्हशीनं मारलं," काकी म्हणाली.

निवेदकानं कार्ड उलटून बघितलं.

"काय?"

"म्हशीनं मारलं. मालकिणीला विष घालायचं म्हणून चोरून दूध काढायला गेला. परकी म्हैस, ती हात लावून देती काय? घातली लाथ. शेणात पडला आन् गेला."

मग हॉल हसायला लागला. मागच्या रांगेतला एक जण खुर्चीवरून खाली सरकला. गौतमी मॅडमनी रुमाल तोंडाला लावत घंटी वाजवली आणि उत्तर दिलं, "पश्चात्ताप होऊन तो तीर्थयात्रेला जातो."

"बरोबर!"

वीस इंची रंगीत टीव्ही मॅडमच्या टेबलाकडे ढकलला गेला. काकीचा चेहरा पडला नाही, चढला. "खोटं हाय!" ती म्हणाली. "असला माणूस कुठं तीर्थयात्रेला जातो?"

"अगदी हेच," प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीतून एक खर्जातला आवाज आला. विक्रांत धारपुरे उठले. आता टक्कल होतं, पण भुवया त्याच. "हेच मी तेव्हा म्हणालो होतो. एक्याऐंशी भाग मी दुष्टपणा केला. आणि ब्याऐंशीव्याला हातात पिशवी देऊन मला यात्रेला धाडलं! मरणसुद्धा दिलं नाही. बाई, मला नीट सांगा, मी कसा मेलो?"

निवेदक म्हणाला, वेळ संपलीय. धारपुऱ्यांनी त्याच्याकडे दिवाणजीसारखं बघितलं. निवेदक बसला.

काकीनं पदर सावरला. "तिन्हीसांज झालेली. गोठ्यात आवाज नाय. म्हैस होती काळीभोर, कपाळावर पांढरा चांद. डावं शिंग मोडकं. धारेच्या टायमाला तिला कानामागं खाजवावं लागतं, नायतर ती…"

काकी थांबली.

पांढरा चांद, मोडकं डावं शिंग आणि कानामागची खाज म्हणजे आमच्या गोठ्यातली चांदी म्हैस. सकाळीच काकीनं तिची धार काढली होती.

ती सावकाश काकांकडे वळली. काकांनी घाबरून घंटी वाजवायला हात नेला. वाटी नसल्यामुळे नुसतं खट् झालं.

बोकड, बैल, गोचीड, शेरडांचं खांड, साडेनऊ वर्षांचे सगळे सोमवार काकीच्या कपाळावरून जाताना मला खालून दिसले. मग ती धारपुऱ्यांना म्हणाली, "पुढचं यांना इचारा. यांनीच मारलंय तुम्हाला."

काकांना माईक दिला. त्यांनी तो कासरा धरावा तसा धरला. आवाज आधी फाटला, मग लागला. दिवाणजी कसा मागच्या दारानं आला, बादली कशी वाजली, चांदीनं कान कसा हलवला. धारपुरे सगळं स्टेजवर करून दाखवत होते. लाथेला ते दोनदा पडले, कारण पहिल्यांदा त्यांचं समाधान झालं नाही. पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "डोळे उघडे की मिटलेले?"

"एक उघडा," काका म्हणाले.

एवढ्या टाळ्या टीव्हीलाही पडल्या नव्हत्या. आम्हाला उत्तेजनार्थ थर्मास मिळाला.

परतीच्या एसटीत काकी वेगळ्या सीटवर, थर्मास मांडीवर घेऊन. वरंधला उतरलो. चढावर ती पुढे, आम्ही मागे. घराशी आल्यावर सारवलेल्या कोनाड्यात तिनं थर्मास ठेवला.

"ती काय बोलंना रे," काका मला म्हणाले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले होते, पण दुखतंय असं म्हणायची हिंमत होत नव्हती.

पुढचे सहा दिवस काकीनं त्यांना वाढलं, पण काही विचारलं नाही. रविवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे जुन्या टीव्हीवर कुठलीशी नवी मालिका लागली. आता लाइट होती, मालिका पूर्ण दिसायची. वीस मिनिटं झाली. नायिका वकिलाच्या ऑफिसात शिरली, मागून कुणीतरी दार लावलं, आणि काकीनं उठून टीव्हीचं बटण बंद केलं. ठिपका उरला. तोही गेला.

"हं," काकी म्हणाली.

"काय हं?" काका म्हणाले.

"पुढं."

"मला कुठं म्हाईत पुढचं?"

"धा वर्सं म्हाईत होतं ते?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी थर्मासकडे बघितलं. काकांनी घसा साफ केला.

"तर दार कुणी लावलं? वकिलानं. आन् तेवढ्यात खालनं एक मोकाट वळू…"

"जनावर नको," काकी म्हणाली आणि पाय पसरून भिंतीला टेकली. "या टायमाला पोलीस आणा."