घड्याळाखालची चिंधी

केनियातल्या कपसाबेत गावाच्या वरच्या अंगाला, चहाच्या मळ्यांना लागून आमचा पळणाऱ्या पोरींचा कॅम्प आहे. तिथला स्वयंपाक माझ्याकडे. मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचा दुसरा तुकडा कोण घेते, आंबट दूध हळूच शेजारणीच्या पेल्यात कोण ओतते, पाय दुखत असताना मुद्दाम सरळ कोण चालते, हे सगळं माझ्या डोक्यात मांडलेलं असतं. तरुणपणी मीही पळायचे. पायाची दोन नखं त्यातच गेली. त्यामुळे पोरी मला कोगो म्हणतात, म्हणजे आजी, आणि काहीही दुखलंखुपलं की पहिल्यांदा चुलीपाशी येतात. हा मान मला आवडायचा. खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये परदेशातल्या कोचने सहा पोरींसाठी सहा घड्याळं पाठवली. ती म्हणे काळजाचे ठोके मोजतात आणि आकडे फोनवरून त्याच्याकडे पोचतात. कसे मोजतात, ते मी काही विचारलं नाही. कोचचा निरोप एकच होता: घड्याळ काढायचं नाही, झोपेतसुद्धा नाही. पोर्तुगालच्या शर्यतीसाठी एकच जागा होती. जेप्टूम पुढे होती, जेरोप तिच्या पाठोपाठ.

जेप्टूम सांगितलेलं अक्षरशः पाळणारी. आंघोळ घड्याळासकट, कपडे धुणं घड्याळासकट. वर लाल धूळ आणि घाम. तीन आठवड्यांनी बटाटे सोलता सोलता तिने मनगट माझ्यापुढे धरलं. घड्याळाखाली लालभडक चट्टा होता. बारीक पुरळ, मधूनच ओलसर, आणि खाज इतकी की पोर सुरीच्या मुठीने खाजवत होती.

"लग्नाची बांगडी घट्ट झाली वाटतं," जेरोप म्हणाली. "नवरा तिकडे बसून ठोके मोजतोय, आणि ही इकडे खाजवतेय!"

"गप गं. कोगो, मी दवाखान्यात जाऊन आले. नर्स म्हणते, लाली जाईपर्यंत काढूनच ठेव, आठेक दिवस. मग सैल बांधायचं, एक बोट आत गेलं पाहिजे. पळून आलं की पट्टा साध्या पाण्याने धुवायचा, हात कोरडा करायचा, मगच घालायचं. आंघोळीला आणि धुण्याला काढायचंच, साबण आत अडकून बसतो. आणि हात बदलत राहायचा."

"आठ दिवस?" मी म्हटलं. "आठ दिवस तुझी पाटी कोरी, आणि ही भवानी तिकडे धडधडतेय. नर्सबाईंनी कधी शर्यत पळलीय का?"

"पण कोगो, त्या शिकलेल्या..."

"आणि माझे पाय काय कधी सोलले नाहीत? बूट टाचेला लागला की आम्ही काय करायचो? चिंधी घालून घट्ट बांधायचो. हललं नाही की घासत नाही."

कमरेला गुंडाळायची माझी जुनी लेसो धुऊन धुऊन मऊ झाली होती. तिची पट्टी फाडून दुहेरी घडी केली, जेप्टूमच्या मनगटावर गुंडाळली आणि वरून घड्याळ आवळून बांधलं. दोन दिवसांत खाज कमी झाली. त्या आठवड्यात मी जरा ताठच चालत होते.

रविवारी दुपारी किबिवॉट जेवणघरात आला. कॅम्प तोच सांभाळतो, आणि कोचशी बोलणंही तोच करतो. काहीतरी बिनसलंय, हे त्याच्या तोंडावरूनच कळलं.

"जेप्टूम, तुझे आकडे भलतेच आलेत. झोपेत एकशे साठ, चढावर पळताना पंचेचाळीस. कोच म्हणतात, असं काळीज घेऊन तिला उतरवणार नाही, आधी एल्डोरेटच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन तपासा. यादी आज संध्याकाळी बंद होतेय. जेरोपचं नाव द्यायला सांगितलंय."

जेरोपसुद्धा हसली नाही.

"घड्याळ सैल नव्हतं ना?" त्याने विचारलं. "त्याच्या पोटाला हिरवा दिवा असतो, तो कातडीला टेकलेला लागतो. मध्ये काही आलं की ते काहीच्या बाही सांगत सुटतं."

जेप्टूमची बाही मनगटापर्यंत ओढलेली होती. तिने त्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्यात मोठ्यांची चूक पोरं चारचौघांत काढत नाहीत. ती मोठ्यांनी आपणहून सांगायची असते. तिने मला तेवढी जागा करून दिली. मी किटलीचं झाकण बसवत राहिले. ते नीटच बसलेलं होतं.

"घट्टच होतं," जेप्टूम म्हणाली.

सगळ्या पोरींसमोर, ज्यांना मी नर्सपेक्षा शहाणी वाटत होते त्यांच्यासमोर, माझी जीभ उचलली नाही. मनात म्हटलं, निजानीज झाली की सांगेन. मग म्हटलं, सकाळी. सोमवारी उजाडता उजाडता किबिवॉटला गाठून सगळं सांगितलं.

"काल का नाही बोललात?"

"पोरी होत्या..."

"एका फोनचं काम होतं, कोगो. एका फोनचं."

त्याने लगेच फोन लावला. कोचला वाईट वाटलं, यादी मात्र बंद झाली होती. एल्डोरेटच्या डॉक्टरांनी जेप्टूमला तपासून सांगितलं की असं ठणठणीत काळीज क्वचित बघायला मिळतं. तिने घड्याळ नऊ दिवस काढून ठेवलं, आणि चट्टा गेला. नर्सचं सांगणं आता किबिवॉटच्या अक्षरात न्हाणीघराच्या दारावर चिकटवलेलं आहे.

जेरोप जाऊन आली. अकरावी आली, आणि माझ्यासाठी साबण घेऊन आली. जेप्टूम कितवी आली असती, हा हिशेब मी रोज मांडते आणि रोज पुसते.

जेप्टूम कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मागच्या आठवड्यात तिच्या टाचेला फोड आला. माझ्यासमोरच बसली होती, बूट काढून. चहाचा पेला दोन्ही हातांनी घेतला, माझ्या कंबरेची चौकशी केली, पेला विसळून पालथा घातला. मी फोडाकडे बघतेय हे तिला दिसलं. तिने मोजा वर ओढला.

"येते हं, कोगो," म्हणाली, आणि एवढ्याशा फोडासाठी चार किलोमीटरवरच्या दवाखान्याकडे लंगडत निघाली.